जंगलातले जवाई

पिंपळटोला, शुक्रवार, २० ऑगस्ट १९५४

कुंताची पेटी तिच्या माहेरी पोचवली. वडसा स्टेशनपासून बैलगाडी मिळाली, शेवटचे तीन मैल पेटी डोक्यावर घेतली. जड नव्हती. सासूबाईंनी ती उघडली नाही. आतल्या खोलीत ठेवून तिच्यावर चटई टाकली आणि मला पाय धुवायला पाणी दिले.

कुंता एप्रिलमध्ये वारली. पेटीबरोबर काय लिहून पाठवावे ते चार महिन्यांत सुचले नाही, म्हणून स्वतः आलो. परवा परत निघेन.

सासरे घरी नव्हते. ते रानात झोपडी घालून राहतात. आम्ही जातीने ढिवर. आमच्या घरी, चामोर्शीला, नुसती तलावाची मासेमारी. इकडचे ढिवर मासळीबरोबर कोसाही करतात, म्हणजे येनाच्या (ऐनाच्या) झाडांवर रेशमाचे किडे पाळतात. मी सात यत्ता शिकून जनपद सभेच्या शाळेत मास्तर झालो, त्यामुळे तलावही सुटला आणि कोसा तर कधी जवळून पाहिलाच नाही. कुंता त्याबद्दल बोलायची. मी वह्या तपासत असायचो.

शनिवार, २१ ऑगस्ट

सकाळी सासूबाई, म्हणजे मामी, मला नाल्यापर्यंत सोडायला आल्या. नाल्यापलीकडे कोशाचे रान. कोशाचे काम संपेपर्यंत तिकडे बाईमाणसाने पाय ठेवायचा नाही असा रिवाज आहे. त्यांनी अलीकडूनच हाक मारली, "आवो, मास्तर आले!"

सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. उजेड आणि सावली एवढेच कळते म्हणतात.

"कोन मास्तर?"

"मी केवळराम."

"जेवले का?"

"नाही."

"मंग बसा. पेज हाय."

कुंताबद्दल ते बोलले नाहीत. मीही बोललो नाही. पेज झाल्यावर त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. या कामात दाढी करायची नाही, डोक्याला तेल लावायचे नाही, खाटेवर झोपायचे नाही, मासळी-मटण खायचे नाही असे नेम असतात. दाढी हाताला लागल्यावर म्हणाले, "बरं हाय. तुमी तयारच होऊन आले."

मी हे सगळे चार महिन्यांपासून पाळतो आहे, कारण दुसरे काही करावेसे वाटत नव्हते. गावी त्यावरून लोक समजूत घालायला यायचे. इथे कोणी काही विचारत नाही. सगळ्यांना वाटते, मास्तर कोशाच्या नेमात आहे. मला बरे वाटले.

रविवार, २२ ऑगस्ट

निघणे राहिले. झाडांवरून कोसे उतरवून झाले होते आणि बीज निवडायचे होते. मामाजींना दिसत नाही.

मला समजले ते असे. किडा पाने खाऊन स्वतःभोवती धाग्याचे कवच विणतो. तोच कोसा, कोंबडीच्या अंड्याएवढा, पण कडक. तो विकतात. थोडे चांगले कोसे बीज म्हणून ठेवतात. दोनेक आठवड्यांत त्यांतून पाखरे निघतात, जोड्या लागतात, अंडी होतात आणि पुढची फसल सुरू होते. पाखराला तोंडच नसते. ते काही खात नाही. आठ दिवस जगते.

मामाजींकडचे बीज त्यांच्या आजापासून चालत आलेले आहे. मात्र गेल्या तीन फसली किडे अर्धवट वाढून मऊ पडतात आणि फांदीला लटकून मरतात.

"बीज थकलं," मामाजी म्हणाले. "घरातल्या घरात लगीन लावून लावून थकते. आता तुमी शिकले-सवरलेले मानूस. निवडा."

मी तागडी मागितली. घरात मासळी मोजायची होती, तिला राखेने तीनदा घासून, नाल्यात बुडवून मगच त्यांनी रानात आणू दिली. मी एकेक कोसा तोलला. जो भारी तो चांगला, जो हलका तो कमजोर. दिवस मावळेपर्यंत भारीत भारी एकशे वीस निवडले. असे शास्त्रशुद्ध काम इथे कोणी केले नसेल.

मामाजींनी टोपलीत हात घातला. बराच वेळ एकेक कोसा बोटांत फिरवत होते. नंतर म्हणाले, "लय बेस निवडले. असे तं मलेही नसते जमले."

चार महिन्यांत पहिल्यांदा कोणी मला शाबासकी दिली.

सोमवार, २३ ऑगस्ट

वडशाचा कोशाचा व्यापारी फारूक गाडी घेऊन सकाळीच हजर. उरलेले सगळे हलके कोसे घेऊन गेला. जाताना मला म्हणाला, "मास्तर, हे म्हातारं दर साली मले आठ दिन तरसवते. इस बार खुद सांगावा धाडला. आजच्या आज उचल म्हने. तबियत तो ठीक है ना इनकी?"

मी म्हणालो, मुलगी गेल्यापासून त्यांचे मन लागत नसेल.

माझी रजा १० सप्टेंबरपर्यंत आहे. पाखरे निघेपर्यंत थांबावे असे मामाजी म्हणाले. ठीक आहे. पेटीजवळच्या खोलीत झोपण्यापेक्षा झोपडी बरी.

शनिवार, २८ ऑगस्ट

पोळा. गावात बैल सजले. आमच्याकडे पुरणाची पोळी नाल्यापर्यंत आली. मामी पलीकडून ओरडल्या, "दोन-दोन खा! दसऱ्यापर्यंतचे तांदूळ कांडून ठेवले, कमी काई पडत नाई!"

मी म्हणालो, मी दहा तारखेला जाणार आहे. त्यांनी ऐकले नसावे.

शनिवार, ४ सप्टेंबर

दिवस मावळताना पहिली पाखरे निघाली. कोशाचे टोक आधी ओले होते, मग आतून ढकलल्यासारखे हलते आणि एक चुरगळलेले पाखरू बाहेर पडून टोपलीच्या काठाला लोंबकळते. तासाभरात पंख इस्त्री केल्यासारखे सरळ. माझ्या पंजापेक्षा मोठे, पिवळसर, आणि चारही पंखांवर काचेसारखा एकेक गोल. त्या गोलातून पलीकडचे दिसते. मी वहीतले अक्षर त्यातून वाचून पाहिले.

अकरा निघाली. मामाजींच्या हातावर एक ठेवले. त्यांनी पोटावर बोट टेकवले. "पोरगी." दुसरे. "पोरगी." तिसरे. "हेही पोरगीच."

अकराही माद्या.

"नर पहिले निघत असतात म्हणता ना?" मी विचारले.

"निघतात खरे. उद्या पाहू."

रविवार, ५ सप्टेंबर

आज एकोणीस. अठरा माद्या आणि एक नर, तोही पंख दुमडलेला.

नाल्याच्या वरच्या अंगाला झिंगूचे रान आहे. तो मामाजींपेक्षा वयाने लहान, बोलका, आणि कोणाच्याही घरातली कढी आधी त्याला कळते. आला, टोपलीत डोकावला आणि विचारले, "बीज कोनं निवडलं?"

"मी. तागडीने. भारी-भारी."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "मास्तर, मादीच्या पोटात दीडशे अंडी राहतात. ते भारी नाई राहीन तं काय नर भारी राहीन? हलके कोसे नराचे असतात जी! ते कुठी हायत?"

"फारूकला दिले."

झिंगू खाली बसला आणि मांडीवर थापा मारत हसला. "या रानात बाईमानसाले बंदी, आन् हे मास्तर एकशे वीस माद्या घेऊन बसले!"

मामाजीही हसले. इतके की त्यांना ठसका लागला. मला हसू आले नाही. मादीला तीन दिवसांत नर मिळाला नाही तर ती पोकळ अंडी घालून मरते. झिंगूचे नर मोजके आणि त्याचे स्वतःचेच काम सुरू आहे. म्हणजे मामाजींच्या आजापासून चालत आलेले बीज माझ्या तागडीने बुडणार. दुसऱ्याकडून मागून आणलेले बीज ते आपले म्हणणार नाहीत, आणि या वयात नवे सुरूही करणार नाहीत. मुलगी गेली, आता हेही जाईल, आणि दोन्ही माझ्या हाती असताना.

झिंगू जाताना मला बाजूला घेऊन मामाजींबद्दल म्हणाला, "एक नाई समजलं. मंगरूभाऊ डोळे बांधून नर-मादी वळखते. तुमची टोपली त्यानं पाह्यली नाई का?"

"पाहिली. पण आता त्यांच्या बोटांत पहिल्यासारखी जाणीव राहिली नसेल. दुःखाने तसे होते."

"असन बाप्पा," झिंगू म्हणाला.

सोमवार, ६ सप्टेंबर

झिंगूची सायकल घेऊन वडशाला गेलो. हलक्या कोशांतले नर परत मिळावेत म्हणून. फारूक दुकानात बसला होता. त्याची बायको हाजरा आतून म्हणाली, "गुरुजी को पानी तो पूछो, कैसे हांफ रहे हैं."

"मास्तर, ते तं आनले त्याच दिवशी वाफेत घातले," फारूक म्हणाला. "पाखरू निघालं तं कोसा फुटते, धागा कामाचा राहत नाई. मंगरूभाऊले पक्कं ठाऊक हाय."

पाणी पिऊन परत आलो. येताना चेन दोनदा पडली.

मामाजींना सांगितले. मी म्हणालो, चूक माझी आहे, मी काय करू ते सांगा.

ते म्हणाले, "घरचे नवरदेव सरले तं जंगल कुठी गेलं?"

जंगलातही हीच पाखरे असतात, कोणी न पाळलेली. मादीला संध्याकाळी झाडाला बांधून ठेवायचे. तिचा वास नराला कोसभरावरून लागतो म्हणतात, नाक नाही तरी. त्याच्या डोक्यावर दोन पिसे असतात, त्यांनी तो वास घेतो. मामाजींचे वडील असे करत. हल्ली कोणी करत नाही, फार उस्तवार असते आणि ज्याला दिसते त्यालाच जमते.

त्यांनी उशाखालून एक पुडके काढले. अंबाडीचे मऊ सूत, वीतवीतभर तोडलेले. मी मोजले, एकशे वीस निघाले.

"हे कधी वळले?"

"बसल्या बसल्या. हात रिकामे बरे नाई."

पंखांच्या मुळाशी सैल गाठ मारायची. पहिल्या पाच गाठी त्यांनी माझ्या बोटांवर बोटे ठेवून मारून घेतल्या. दिवस मावळेपर्यंत सत्तावीस माद्या खालच्या फांद्यांवर बांधल्या. मुंग्या येऊ नयेत म्हणून प्रत्येक बुंध्याला राखेचा पट्टा.

मंगळवार, ७ सप्टेंबर

तांबडे फुटायच्या आधी उठलो. खरे तर झोपलोच नव्हतो.

पहिल्या झाडावर दोन माद्या, दोन्ही एकट्या. दुसऱ्यावर एकीचे नुसते पंख खाली पडलेले, वटवाघळाने खाल्ली. तिसऱ्यावर एक एकटी.

चौथ्या झाडावर मादीच्या शेजारी विटकरी रंगाचे पाखरू होते. लहान, अंगाने सडपातळ, डोक्यावर फणीसारखी दोन पिसे. शेपटीला शेपूट लावून स्वस्थ बसलेले.

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. मामाजी काठी टेकत झोपडीबाहेर आले. "किती?"

"एक! नाही, दोन! पलीकडे आणखी एक!"

नऊ आले. सत्तावीसपैकी नऊ. मामाजींनी प्रत्येकाच्या पाठीवर हात न लावता, नुसता वरून, हात फिरवला.

"ना सांगावा, ना वरात, ना मानपान," ते म्हणाले. "असे जवाई पाह्यजे."

जवाई तर मीही. मी वाकून बुंध्याचा राखेचा पट्टा नीट करू लागलो. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तुमचंही लगीन साधंच झालं व्हतं जी. तुमी मानपान कुठी मागितला." आणि आत गेले.

बुधवार, ८ सप्टेंबर

चौदा.

दुपारी जोड्या सोडवायच्या असतात, मादी अंडी घालायला टोपलीत आणि नर मोकळा. नर दुसऱ्या रात्री पुन्हा येतो का, हे मला पाहायचे होते. म्हणून सोडण्याआधी प्रत्येकाच्या डाव्या पंखावर शाळेच्या निळ्या शाईचा ठिपका दिला. नर वाऱ्याच्या उलट दिशेने येतात असे वाटते. काल वारा नाल्याकडून होता, आणि नाल्याकडच्या माद्या कोऱ्या राहिल्या. आज मी सगळ्या दूरच्या टोकाला बांधल्या.

जंगलातले नर आमच्या त्या एका घरच्या नरापेक्षा लहान आणि गडद आहेत. मामाजी म्हणतात, घरचा नर पिढ्यानपिढ्या आयत्या मादीजवळ बसून सुस्त झाला. त्याला उडायचे कामच पडत नाही. जंगलातल्याला रोज वटवाघूळ चुकवावे लागते, जो चुकवत नाही त्याची पोरे होत नाहीत. एवढे साधे. मी पाचवीच्या पुस्तकात असे काही वाचले नव्हते, पण समजले.

शुक्रवार, १० सप्टेंबर

आज शाळेत हजर व्हायचे होते. झिंगू वडशाला निघाला होता, त्याच्या हाती अर्ज पाठवला. कारण काय लिहावे यावर अर्धा तास गेला. खरे कारण लिहिले तर सुपरिंटेंडेंट साहेब मला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. शेवटी "सासरी लग्नकार्य असल्याने" असे लिहिले. मामाजींना वाचून दाखवले.

"खोटं कुठी हाय?" ते म्हणाले.

दसऱ्यानंतरच्या शनिवारपर्यंत रजा मागितली आहे. नाल्यावर मामींना सांगितले तेव्हा त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही. म्हणाल्या, "मंग पांघरून आनखी एक धाडते. थंडी पडते तवा."

रविवार, १२ सप्टेंबर

भांडण झाले.

सकाळी झिंगू तणतणत आला. "मंगरूभाऊ, तुमच्या जवाईनं माहे जवाई पळवले!"

त्याच्या टोपलीचे झाकण रात्री निसटले होते आणि त्याचे दहा-बारा नर उडून गेले. त्याचे म्हणणे, आमच्याकडे आलेले नर जंगलातले नव्हेतच, त्याच्या घरचे आहेत. म्हणून अर्धी अंडी त्याची.

"नावं लिवली हायत का त्यायवर?" मामाजी म्हणाले.

"लिवायची काय गरज? माह्या घरचं पाखरू मी वळखतो!"

"मंग दाखव कोनता."

झिंगू झाडाझाडाखाली फिरला. लहान आणि गडद होते त्यांना त्याला आपले म्हणता येईना. शेवटी तीन मोठे फिकट नर त्याने दाखवले. माझ्याही मनात शंका होती, ते तीन खरेच त्याचे असावेत. मी तसे म्हणालो. मामाजी माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "मास्तर, तुमी कोनाकडून हाय?"

"पण तीन त्यांचे आहेत, मामाजी."

"मंग तीन जोड्यायची अंडी याले द्या आन् विषय मिटवा."

झिंगू खूश झाला. जाता जाता म्हणाला, "बाकी मास्तर, एक इचारतो. काल सकाळी माह्या दोन माद्यायजवळ दोन नर बसले व्हते. त्यायच्या पंखावर निळे ठिपके. आता हा कोनता रोग म्हनावा?"

मी सांगितले, तो रोग नाही, शाई आहे. ते नर आठ तारखेला इथून सोडलेले आहेत.

झिंगूने जवळच्या एका नराच्या पंखाशी डोळा नेऊन पाहिले. मग म्हणाला, "मंजे तुमी पाखरायचीही हजेरी घेता?"

मामाजी हसून हसून खाली बसले. आणि मी हसलो. आवाज ऐकून मलाच दचकल्यासारखे झाले, पण थांबवता येईना. नाल्यापलीकडून मामी विचारत होत्या, "काय झालं वो? काऊन हसून राह्यले?"

ठिपक्यांच्या दोन जोड्या आमच्या, तीन त्याच्या. एका जोडीचा फरक झिंगू आमच्या भोपळ्याच्या वेलावर भागवून घेणार आहे.

मंगळवार, १४ सप्टेंबर

शेवटची पाखरे निघाली. एकशे वीस कोशांतून एकशे अकरा माद्या, नऊ नर. त्यांतल्या एकाहत्तर माद्यांची जोडी लागली. बाकीच्या वटवाघळे, कोतवाल पक्षी आणि नशीब यांच्यात गेल्या.

अंडी टोपल्यांत आहेत, साबुदाण्यापेक्षा मोठी, चपटी, कडेला तपकिरी रेघ. ती भरलेली की पोकळ ते बाहेरून कळत नाही. आठ-दहा दिवस थांबायचे. झिंगू म्हणतो, जंगलच्या बापाची पोरे झाडावर टिकत नाहीत, भटकतात. मामाजी म्हणतात, झिंगूच भटकतो.

माझी चूक सुधारली की नाही हे अजून ठरायचे आहे. मामाजी माझी समजूत घालत नाहीत. फक्त सकाळ-संध्याकाळ टोपलीला कान लावतात.

शुक्रवार, १७ सप्टेंबर

पहाटे मामाजींनी हलवून उठवले. "ऐका."

मला काही ऐकू आले नाही. ते म्हणाले, "अंडं कुरतडून राह्यले."

उजाडल्यावर पाहिले. टोपलीच्या काठावर पिवळसर तपकिरी, काळ्या डोक्याची, तांदळाएवढी पिल्ले रांगत होती. प्रत्येक जण आधी आपल्याच अंड्याचे टरफल खात होता. पहिल्या नऊ माद्यांची अंडी. मी पोकळ राहिलेली मोजली, शंभरात बारा. घरच्या बिजात शंभरात तीस-पस्तीस पोकळ राहायची, असे मामाजी म्हणाले.

पिल्ले येनाच्या पानांच्या द्रोणात घालून ते द्रोण काट्याने झाडाला टोचायचे असतात. पहिला द्रोण घरच्या कर्त्याने लावायचा. मी मामाजींचा हात धरून त्यांना झाडाशी नेले.

"मले फांदी दिसते का?" ते चिडून म्हणाले. "किती नाटक करता! लावा."

मी लावला. एक पिल्लू खाली पडले, ते पानाने उचलून परत ठेवले. नाल्यावर मामींना सांगितले, निघाली. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच विचारले, "मंग आज काय जेवता?"

शुक्रवार, २४ सप्टेंबर

पिल्लांनी पहिली कात टाकली आणि हिरवी झाली. दिवसभर मुंग्या, गांधीलमाशा, कोतवाल यांना हाकलणे. झाडावर चढून चढून पायाला घट्टे पडले आहेत. मऊ पडून मेलेली आतापर्यंत फक्त सहा. भटकतात हे खरे आहे. एका पानावर बसत नाहीत, फांदी बदलतात. पण मरत नाहीत.

शाळेकडून उत्तर आले, रजा मंजूर. खाली साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले आहे, "वधूवरांस शुभेच्छा."

रविवार, ३ ऑक्टोबर

दुपारी नाल्याकडच्या येनावर चढलो होतो. बोटाएवढे हिरवे किडे, आणि त्यांत एक निळा. कपड्याला घालायची नीळ पाण्यात जास्त पडावी तसा निळा. मी पान फिरवून सगळीकडून पाहिला.

खाली मामाजी भात खात होते. मी वरूनच सांगितले. त्यांचा घास हातात राहिला.

"निळा? नीट पाहा. सावली असन."

"सावली नाही. बाजूचे हिरवे आहेत, हाच निळा."

"आमच्या बिजात सोळा साल झाले निळा नाई दिसला," ते म्हणाले. "आमच्यात लपून असन, जंगलातही लपून असन. दोघं भेटले तवा बाहेर आला." मग घास पानात ठेवून म्हणाले, "कुंता सहा सालाची व्हती तवा लय निळे निघाले व्हते."

मी आल्यापासून तिचे नाव त्यांनी पहिल्यांदा घेतले.

"पोरीलेही इथी यायची बंदी. तरी नाला ओलांडून आली आन् एक निळा मुठीत घेऊन पळाली. घरी भाताच्या गाडग्यात लपवला. रोज येनाची पानं चोरे. पंधरा दिवसांनी तुमच्या मामीनं गाडगं उघडलं, तं आत कोसा बनवून बसला व्हता! मी काठी घेऊन उठलो. कोशाचा किडा बाईमानसाच्या हाती, नेम मोडला. तं मले म्हने, बाबा, तो किडा नाई. तो झाडावरचा मासा हाय. मासा तं आमी बाजारात विकतो, मंग हात लावला तं काय झालं?"

"मग तुम्ही काय केले?"

"काय करतो? काठी ठेवून देल्ली. ढिवराच्या पोरीनं मासा म्हटल्यावर बोलायले जागा कुठी राह्यली?" ते हसायला लागले. मीही. नाल्यापलीकडे मामी शिदोरीचे भांडे घ्यायला आल्या होत्या, त्या तिकडून ओरडल्या, "सहा नाई, आठ सालाची व्हती! आन् भाताचं गाडगं नाई, मिठाचं! सारं मीठ फेकावं लागलं!"

"मिठात किडा जगला असता काय?" मामाजी ओरडले.

"रिकामं व्हतं म्हनून जगला!"

"मंग मीठ कोनतं फेकलं?"

त्यांचे हे बराच वेळ चालले.

पाच वर्षे कुंताबरोबर राहिलो. हे मला ठाऊक नव्हते. तिच्याबद्दल जे कळायचे ते आता कळून संपले, असे मी एप्रिलपासून धरून चाललो होतो.

मी विचारले, "आणखी काही आहे का तिचे?"

"लय हाय," मामाजी म्हणाले. "पन फुकट नाई. एका निळ्याले एक गोष्ट."

मी पुन्हा वर चढलो. दिवस मावळेपर्यंत तीन सापडले.